रिपोर्टात बाण खाली, तुळशीत काढा

प्रश्न (नाव-गाव काढून, थोडक्यात): वय २९, कोल्हापूरकडच्या एका गावात शाळेत शिक्षिका. दीड वर्षापूर्वी सांधे धरायला लागले, गालांवर लाल चट्टे आले, केस गळायला लागले. सहा महिन्यांपूर्वी ल्युपसचं (स्वतःची इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) निदान झालं. आधी एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) आणि स्टेरॉइड सुरू झालं, लघवीतून प्रोटीन जायला लागल्यावर मायकोफेनोलेट ही इम्युनिटी दाबणारी गोळी. प्रत्येक रिपोर्टात सी३ आणि सी४ कमी, समोर खाली जाणारा बाण. नणंदेने मोबाइलवर शोधून सांगितलं की ही शरीराची संरक्षक प्रोटीनं आहेत, ती कमी म्हणजे इम्युनिटी कमी. मग आधीच कमी असलेली इम्युनिटी आणखी कमी करायच्या गोळ्या डॉक्टर का देतायत? सासूबाई रोज सकाळी परसातल्या कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा देतात, ती अर्धा पिते आणि अर्धा त्यांची पाठ फिरली की तुळशीत ओतते. शेजारच्या काकूंनी साडेचार हजाराचं इम्युनिटी बूस्टरचं पॅकेज आणून ठेवलंय. चेहरा सुजला म्हणून तीन आठवड्यांपासून स्टेरॉइडची गोळी गुपचूप अर्धी केलीये. आता विचारतेय की सहा महिने सगळ्या गोळ्या बंद करून फक्त काढा आणि बूस्टर करून बघू का, आणि घरचे मूल कधी म्हणून मागे लागलेत त्यांना काय सांगू.

उत्तर:

तू पत्रात मला ताई म्हटलंयस म्हणून मीही तू म्हणते, चालेल ना. पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. तुझ्या डॉक्टरांच्या ओपीडीला फोन लाव आणि सरळ सांग की स्टेरॉइड मी तीन आठवडे निम्मं घेतेय. ओरडतील कदाचित, ओरडू देत. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज आपलं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात, आणि बाहेरून गोळी महिनोन् महिने मिळायला लागली की त्या काम सोडून निवांत झोपतात. अशात गोळी एकदम कमी केली तर त्यांना उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बीपी पडणं, उलट्या, चक्कर, गळून जाणं असं काहीही होऊ शकतं. त्यामुळे यातलं काही होत असेल तर फोनही नको, थेट दवाखाना गाठ. आणि मनानेच परत पूर्ण डोस सुरू करू नकोस, किती घ्यायची ते त्यांना ठरवू दे.

झाला फोन? मग आता बोलू.

मी काही ल्युपसची डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. मी पॅथॉलॉजीवाली, वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टांवर सह्या केल्यात, आणि त्या खाली-वर बाणांनी घराघरांत केवढा गोंधळ होतो ते चांगलं बघितलंय. बाण छापायला सॉफ्टवेअरला एक सेकंद लागतो आणि तो उतरवायला माणसाला सहा महिने लागतात. तर तुझ्या बाणाबद्दल.

तुझी नणंद अर्धी बरोबर आहे, आणि हे मी तिची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाहीये. सी३, सी४ ही खरंच संरक्षणाची प्रोटीनं आहेत. कॉम्प्लिमेंट म्हणून तीसहून जास्त प्रोटीनांची एक टोळी रक्तात फिरत असते, त्यातली ही दोन. शोध जुना आहे, १८९० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जुल्स बोर्दे नावाच्या बेल्जियन माणसाच्या लक्षात आलं की सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी) ५६ अंशांपर्यंत तापवलं की त्यातली जंतू फोडायची ताकद जाते, अँटीबॉडी मात्र तशाच राहतात, म्हणजे अँटीबॉडीला हात देणारं दुसरं काहीतरी त्यात असणार. त्याला १९१९ चं नोबेल मिळालं. कॉम्प्लिमेंट हे नाव पॉल एर्लिख यांचं, पूरक या अर्थाने. (आम्ही लॅबवाले सिफिलिसच्या व्हीडीआरएल टेस्टच्या आधी आजही सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतो ते याच टोळीला गप्प करायला. सव्वाशे वर्षं होऊन गेली, आकडा तोच.)

पण प्रोटीन रक्तात कमी दिसतंय म्हणजे शरीर ते बनवत नाहीये, ही उडी तुम्ही दोघींनी मारलीत, आणि चूक तिथेच झाली. लग्नघरातला तांदळाचा डबा आठव. एरवी महिनाभर पुरणारा डबा चार दिवसांत तळाला जातो. आता कोणी डब्यात डोकावून म्हणालं की अरेरे, या घरात खायची ददात आहे, तर? तांदूळ कमी आलेला नसतो, पंगती जास्त उठलेल्या असतात. ल्युपसमध्ये बहुतेकदा हेच होतं. तुझं शरीर तुझ्याच पेशींच्या आतल्या मालाविरुद्ध, अगदी स्वतःच्या डीएनएविरुद्धसुद्धा अँटीबॉडी बनवतंय, रिपोर्टात डीएसडीएनए असं लिहिलेलं असतं ती हीच. त्या अँटीबॉडी आणि त्यांनी पकडलेला माल यांचे गुंते होतात, ते किडनीच्या बारीक चाळणीत जाऊन अडकतात, तिथे सी१क्यू नावाचं प्रोटीन येऊन चिकटतं, मग सी४ कापलं जातं, मग सी३, साखळी पेटत जाते आणि प्रत्येक पायरीला माल जळतो. म्हणून डबा रिकामा. तुझ्या पत्रातला आकडा, सी३ ५४ आणि तुझ्या लॅबची खालची हद्द ९०, हा तुझ्या इम्युनिटीचा अशक्तपणा नाहीये, ती कुठेतरी जोरात चालू असल्याची खूण आहे, आणि लघवीतून प्रोटीन जातंय म्हणजे कुठे ते पण दिसतंय.

याचा एक पुरावा तुझ्याच फाइलमध्ये मिळेल बघ. औषधं नीट चालू असताना आणि आजार शांत होत असताना सी३ वर जातो. इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांनी संरक्षक प्रोटीन वाढतं! तुमचा हिशोब खरा असता तर ते आणखी घसरायला हवं होतं. गोळी पंगती थांबवते, डबा आपोआप भरतो.

आता नणंदेचं अर्धं बरोबर कुठे आहे ते सांगते, कारण इथे खरी गंमत आहे आणि ही गोष्ट रिपोर्टावरच्या दोन ओळींत कोणी समजावत नाही. जगात थोडी माणसं अशी जन्मतात की त्यांच्या शरीरात सी१क्यू बनतच नाही. तुझ्या हिशोबाने यांना जंतूंचा त्रास व्हायला हवा, आणि होतोही, पण त्याहून जास्त काय होतं? ल्युपस. त्यांच्यातल्या बहुतेकांना. म्हणजे हल्ला करणाऱ्या टोळीतला पहिला गडीच नाही, आणि तरी शरीर स्वतःवर हल्ला करतंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापायची चूक वाटली होती.

चूक नव्हती. सी१क्यूचं जंतूंशी लढणं हे एक काम झालं, दुसरं काम घंटागाडीचं. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, तो कचरा वेळेवर उचलायला लागतो, सी१क्यू त्या मेलेल्या पेशींना चिकटून खूण करतं आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन गुपचूप ते गिळून टाकतात. घंटागाडी आठवडाभर आली नाही तर गल्लीत काय होतं ते तुला सांगायला नको, कचरा फुटतो, कुत्री गोळा होतात, मग कोणी टाकला कोणी नाही यावरून शेजाऱ्यांची भांडणं. शरीरातही तसंच, न उचललेल्या पेशी फुटतात, आतला डीएनए उघड्यावर येतो, आणि इम्युन सिस्टिमला तो परका वाटायला लागतो.

आणि याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. न्यूयॉर्कजवळच्या फाइनस्टाइन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी २०१२ मध्ये दाखवलं की हेच सी१क्यू आपल्या पांढऱ्या पेशींवरच्या लेअर-१ नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. लेअर-१ हा ब्रेकवाला रिसेप्टर आहे, त्याला कोणी दाबलं की पेशीला आतून निरोप जातो, शांत रहा, भडकायचं कारण नाही. मुळात तो कोलॅजनला ओळखतो, आणि सी१क्यूचं शेपूट हुबेहूब कोलॅजनच्या घडणीचं, म्हणून कुलूप-किल्ली जुळते. म्हणजे कचरा उचलणारी गाडीच जाता जाता गल्लीतल्या लोकांना सांगत जाते की काही विशेष नाही, रोजचंच आहे, आपापल्या घरी जा. सी१क्यू नसेल किंवा ल्युपसमध्ये ते सतत खर्च होत असेल तर दोन्ही जातं, कचरा पण उचलला जात नाही आणि समजूत काढणारंही कोणी उरत नाही.

हे एवढं लांबवलं कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती फक्त तुझी नाही, करोनापासून आपण सगळेच तसं बोलायला लागलोय. ती म्हणजे इम्युनिटी ही टाकीतल्या पाण्यासारखी असते, भरली की चांगलं, कमी झाली की वाईट. तशी एक टाकीच नाहीये. इम्युन सिस्टिममध्ये अ‍ॅक्सिलरेटर जेवढे आहेत जवळजवळ तेवढेच ब्रेक आहेत, आणि निरोगी माणूस म्हणजे ज्याचे ब्रेक वेळेवर लागतात तो. गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्या एसटीत बसल्यावर तू इंजिनची ताकद विचारतेस का? 

कॉम्प्लिमेंटचंच घे. सी३ हा प्रकार कोणी बोलावल्याशिवायही थोडाथोडा सुरूच असतो, सारखा ठिणग्या टाकत असतो, आणि जे समोर येईल त्याला चिकटतो, जंतू की आपली पेशी हे त्याला कळत नाही. मग आपण वाचतो कसे? आपल्या पेशींच्या अंगावर सीडी५५, सीडी५९ अशी पहारेकरी प्रोटीनं असतात, रक्तात फॅक्टर एच फिरत असतो, ते ठिणगी पडली की विझवतात. पीएनएच नावाच्या एका दुर्मिळ आजारात रक्ताच्या काही पेशींवर हे पहारेकरी बसूच शकत नाहीत, आणि माणसाचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट त्याच्याच लाल पेशी फोडत राहतं, काहींना सकाळची लघवी कोलासारखी होते. त्यावर २००७ मध्ये अमेरिकेत जे औषध मंजूर झालं, एक्युलिझुमॅब, ते कॉम्प्लिमेंटला अडवतं. वाढवत नाही, अडवतं. त्या पेशंटला कोणी इम्युनिटी बूस्टर दिला तर तू काय म्हणशील?

पेशींवरच्या ब्रेकचंही तेच. पीडी-१ नावाचा रिसेप्टर १९९२ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या लॅबमध्ये सापडला, तेव्हा तो नक्की करतो काय ते कळेना. मग १९९९ मध्ये पीडी-१ चं जीन काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास आला, तर त्या उंदरांना वय वाढल्यावर सांधेदुखी आणि किडनीचा ल्युपससारखा आजार. ओळखीचं वाटतंय ना? सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक काढलेले उंदीर तर तीन-चार आठवड्यांतच मेले, सगळ्या अवयवांत पांढऱ्या पेशी घुसून. याच दोन ब्रेकांवरच्या कामासाठी होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं, पण ते कॅन्सरसाठी, कारण कॅन्सर हे ब्रेक लबाडीने दाबून धरतो आणि औषधाने ते सोडवले की इम्युन सिस्टिम गाठीवर धावून जाते. खरी इम्युनिटी वाढवणारी औषधं बघायची असतील तर ती ही. आणि त्यांचे साइड इफेक्ट काय? थायरॉइडला सूज, आतड्याला सूज, कातडीवर पुरळ, सांधे, लिव्हर, म्हणजे स्वतःवरच हल्ला. कॅन्सरवाला माणूस ते सोसतो कारण समोर मरण असतं. तू कशासाठी सोसणार?

अजून एक, मग पुरे करते. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींवर एक ब्रेक असतो, एफसी-गॅमा-आर-टू-बी असं भयंकर नाव, तो अँटीबॉडी पुरेशा झाल्या की पेशीला बास म्हणतो. आफ्रिका आणि आशियातल्या बऱ्याच लोकांत त्याचा एक ढिला प्रकार सापडतो. ढिल्या ब्रेकवाल्यांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, आणि ल्युपसचा धोका वाढतो. आता यांना इम्युनिटी स्ट्राँग म्हणायचं की वीक? मला तरी हा प्रश्नच फिजूल वाटतो, आणि तुझा डॉक्टरांवरचा राग ह्याच प्रश्नावर उभा आहे.

तर काढा. गुळवेलीला मी नावं ठेवणार नाही, माझ्या आजीच्या परड्यातही होती आणि तापात आम्ही ती गपचूप प्यायलोय. पण तू आता तापातली मुलगी नाहीस. गुळवेल इम्युनिटीला चालना देते असं तिचे चाहतेच सांगतात ना, मग तुझ्या शरीरात तीच अडचण आहे. आणि हे फक्त तर्काने नाही. २०२० च्या शेवटी, करोनाच्या काढ्यांच्या लाटेत, मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हर बिघडलेले सहा पेशंट नोंदवले, ते २०२१ मध्ये छापून आलं, लिव्हरला झालेली इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे स्वतःच्याच इम्युनिटीने लिव्हरवर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ पेशंटची नोंद आली. लाखो लोक काढा प्यायले आणि त्यांना काही झालं नाही हे खरं, मी मान्य करते. पण ज्यांच्यात ऑटोइम्यून प्रवृत्ती आधीच आहे त्यांनी लांब रहावं असं मला वाटतं, आणि तू प्रवृत्तीच्या कधीच पुढे गेलीयस. त्यात तुझ्या गोळ्यांसाठी लिव्हरच्या टेस्ट होत असणार, उद्या एन्झाइम वाढले तर ते कशाने वाढले हे कोणालाच कळणार नाही, कारण काढ्याचं तू कुणाला सांगितलेलंच नाहीस. तुळशीत ओतलास तो सोडून.

काकूंच्या पॅकेजचा फोटो तू पाठवला नाहीस, पाठवला असतास तरी मी डबा उघडू नको असंच म्हणाले असते. घटकांची यादी वाच. अल्फाल्फा दिसला तर अजिबात नको, त्यातल्या कॅनाव्हनिन नावाच्या द्रव्याने माकडांत ल्युपससारखा आजार झालेला आहे आणि अल्फाल्फाच्या गोळ्यांनी माणसांत आजार उफाळल्याच्या नोंदी आहेत. अल्फाल्फा म्हणजे कोणी परदेशी वनस्पती नव्हे हं, आपल्याकडे गुरांना घालतात तो लसूणघास. (नाव लसूणघास असलं तरी भाजीतल्या लसणीचा त्याच्याशी संबंध नाही, आणि मोड आलेली मटकी पण बंद करू नकोस, फक्त नीट शिजवून खा.) इकिनेशिया ही इम्युनिटीच्या नावाने विकली जाणारी परदेशी वनस्पती असेल तरी नको. आणि यादीच नसेल, नुसतं शंभर टक्के नैसर्गिक लिहिलं असेल, तर अजून जास्त नको, कारण अशा पुड्यांत न सांगता स्टेरॉइड कालवलेलं सापडलेलं आहे, लोक म्हणतात चार दिवसांत गुडघे मोकळे झाले, होणारच. तू एकीकडे स्टेरॉइडला घाबरून गोळी अर्धी करणार आणि दुसरीकडे साडेचार हजार देऊन मोजमाप नसलेलं स्टेरॉइड पोटात घालणार, असं नको व्हायला.

सगळ्या गोळ्या सहा महिने बंद हा पर्याय तोलायचा म्हटला तरी पारड्यात टाकायला मला दुसऱ्या बाजूला काही सापडत नाही. किडनीचा ल्युपस दुखत नाही. सांधे दुखतात म्हणून माणूस दवाखान्यात जातो, किडनी बिचारी चाळण झिजवत गप्प बसते, आणि कळतं तेव्हा झिजलेलं परत येत नाही. सहा महिने हा प्रयोग करायला फार मोठा काळ आहे. थोडा काढा, थोड्या गोळ्या हा मधला मार्ग आपल्याला फार समंजस वाटतो, पण त्याबद्दल वर बोलले. आणि तुला एखाद्या वैद्यांवर विश्वास असेल तर जरूर जा, पण शिकलेल्या वैद्यांकडे, पूर्ण फाइल आणि गोळ्यांची यादी घेऊन. फाइल न बघता काढा देईल त्याच्याकडून उठून ये.

पण तुझी तक्रार खोटी नाहीये. चेहरा सुजणं, वर्गात पोरांनी मॅडम जाड झाल्या म्हणणं, आरशात स्वतःलाच न ओळखणं, हे डॉक्टरांना किरकोळ वाटतं आणि बाईला नाही. तू त्यांना हे बोललीच नाहीस ना? बोल. कारण स्टेरॉइड कमी करायचं हे त्यांचंही ध्येय असणार. युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि ल्युपससारख्या आजारांच्या डॉक्टर) लोकांच्या २०२३ च्या शिफारशीत स्पष्ट आहे की आजार शांत झाला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीवर आणावं आणि जमलं तर थांबवावं. बाकीच्या दोन गोळ्या स्टेरॉइड कमी करता यावं यासाठीसुद्धा असतात. म्हणजे तुला गोळी कमी करायचीये, त्यांना पण करायचीये, फक्त तू जिना सोडून गच्चीवरून उडी मारलीस. पुढच्या वेळी जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून ने, ओपीडीतल्या गर्दीत तोंडी आठवत नाहीत: स्टेरॉइड कोणत्या महिन्यात कितीवर आणायचा प्लॅन आहे, माझी किडनी आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, आणि कोणतं लक्षण दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता यायचं.

रिपोर्टांचं पण जरा बघू. एक वही कर, तारीख, सी३, सी४, डीएसडीएनए, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनीनचं गुणोत्तर, बीपी, वजन. एकट्या बाणाला काही अर्थ नाही, बाण कुठून कुठे चाललाय त्याला आहे. सी३ ५४ वरून ७० झाला तरी सॉफ्टवेअर खालचाच बाण छापणार, पण ती चांगली बातमी आहे. काही लोकांत सी४ चे जीनच कमी असतात, त्यांचा सी४ आजार शांत असतानाही कायम खालीच राहतो, त्याच्यामागे लागून झोप घालवायची नसते. शक्यतो एकाच लॅबमध्ये टेस्ट कर, लॅब बदलली की हद्दी बदलतात. आणि कधी सीएच-५० नावाची, अख्ख्या कॉम्प्लिमेंट टोळीचं काम मोजणारी टेस्ट सांगितली तर नमुना थेट लॅबमध्ये जाऊन दे, कलेक्शनवाल्या मुलाच्या डिकीत दुपारभर तापला तर आकडा खोटाच कमी येतो. अशा रिपोर्टांवर मी स्वतः सही करायला नकार दिलाय आणि शिव्या खाल्ल्यात.

इन्फेक्शनची भीती मात्र खरी आहे, तिथे तू चुकत नाहीस. या गोळ्यांवर असताना ताप आला तर दोन दिवस बघू असं करायचं नाही. खोकला दोन आठवडे टिकला तर टीबीची तपासणी, आपल्या देशात हे विसरून चालत नाही. फ्लूची (इंजेक्शनवाली) आणि न्यूमोनियाची लस घेता येईल का विचार, त्या मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या असतात, जिवंत जंतूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. खरी इम्युनिटी काळजी म्हणायची तर ही, आणि साडेचार हजारांपेक्षा स्वस्त पडते. ऊन टाळ, ल्युपस उन्हाने चाळवतो, पीटीचा तास दुसऱ्या कोणाला दे, छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. एचसीक्यूसाठी डोळ्यांची सुरुवातीची तपासणी झाली नसेल तर करून घे. लघवीला फेस वाढला, पाय किंवा पापण्या सुजल्या, तर वहीत लिहित बसू नकोस, जा.

मुलाचं. नाही म्हणत नाहीये मी, ल्युपस असलेल्या कित्येक बायका आई होतात. पण मायकोफेनोलेट चालू असताना अजिबात दिवस जायला नकोत, त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, ती गोळी बदलून किमान सहा आठवडे गेले पाहिजेत, आणि आजार साधारण सहा महिने शांत असायला हवा. तोपर्यंत गर्भनिरोधक नीट हवं, कोणतं ते डॉक्टरांना विचारूनच, ल्युपसमध्ये सगळ्याच गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. एचसीक्यू गरोदरपणातही चालू ठेवतात, ती मनाने सोडू नकोस. अँटी-आरओ नावाची अँटीबॉडी आहे का हे आधी बघून घ्या, ती असेल तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि गरोदरपणात कॉम्प्लिमेंट एरवी वाढतं, त्यामुळे तेव्हा नॉर्मल आलेला सी३ खरा नॉर्मल आहे का हे तुझ्या डॉक्टरांनाच ठरवू दे, नणंदेला नको. घरच्यांना उत्तर काय द्यायचं तर हेच, मूल नकोच असं नाही, फक्त आत्ता नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि हे तू एकटीने सांगायचं नाही, नवऱ्याने सांगायचं. तुझ्या सबंध पत्रात तो एकदाही आला नाही, ते माझ्या लक्षात आलंय.

राहिल्या सासूबाई. तू त्यांच्याबद्दल जसं लिहिलंयस त्यावरून मला त्या तुझ्याशी भांडणाऱ्या वाटत नाहीत, पहाटे उठून वेल तोडून, ठेचून, उकळून देणारी बाई ही वाईट नसते, तिला फक्त काहीतरी करायचंय आणि तिला करता येण्यासारखं दुसरं काही कोणी सांगितलेलं नाही. चोरून तुळशीत ओतण्याने तुझं काम होतं, पण त्या उद्या पुन्हा वेल तोडतात. एकदा त्यांना ओपीडीत सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं आणि सुनेच्या तोंडून ऐकलेलं यात फरक असतो, असायला नको, पण असतो. लग्नघराचा तांदळाचा डबा त्यांना सांग, शंभर पंगती वाढल्या असतील त्यांनी, एका मिनिटात समजेल. आणि मग त्यांना काम दे. स्टेरॉइडने हाडं विरळ होतात, नाचणीत कॅल्शियम भरपूर, तेव्हा सकाळी काढ्याच्या वेळेला त्याच भांड्यात नाचणीचं आंबील करून मागून घे, मीठ बेताचं, किडनीमुळे लोणचं-पापड जरा आवरतं घ्यायला लागेल ते पण त्यांच्याच ताब्यात दे. गोळ्यांच्या वेळा त्यांना सांभाळू देत. रोज ग्लास संपेपर्यंत समोर उभी राहणारी बाई गोळी चुकू देणार नाही.

पुढचे रिपोर्ट आले की वहीचा फोटो पाठव, आणि तुळस कशी आहे ते पण लिही, अर्धा ग्लास गुळवेल रोज पचवतेय बिचारी.